कचरूचा नीलकंठ

विद्यापीठाला अवदसा आठवली की ती आधी अभ्यास मंडळाच्या बैठकीत येऊन बसते, चहा-बिस्किटं खाते आणि मग तालुक्या-तालुक्याच्या कॉलेजांत मुक्काम ठोकते. शहाण्णव साली ती प्राचार्य पुंजाराम हारदे यांच्या कादंबरीच्या रूपानं आली. द्वितीय वर्षाच्या मराठीच्या पेपरला कादंबरी लागली. लावणाऱ्या मंडळात हारदे स्वतःच बसलेले होते, ही गोष्ट कुणाला खटकली नाही. खटकली असली तरी बोलून वाईट कोण होणार?

कादंबरी एका वसतिगृहातल्या शिपायाची होती. वसतिगृहाची मैल्याची टाकी तुंबते, त्याच दिवशी मोठे पाहुणे यायचे असतात, तेव्हा हा शिपाई पोरांच्या आरोग्यासाठी आपण होऊन टाकीत उतरतो आणि आतल्या वायूनं मरतो. शिपायाचं नाव नीलकंठ. समुद्रमंथनातून निघालेलं विष जगासाठी पिऊन टाकणारा तो वरचा महादेव, आणि हा टाकीतला. समीक्षकांना आणखी काय पाहिजे? नावाच्या प्रतीकार्थावर लेख आले, चर्चासत्रं झाली, एक पुरस्कार मिळाला आणि शेवटी बाजारात गाईड आलं. गाईड आलं म्हणजे पुस्तक अजरामर झालं, असा आपल्याकडचा नियम आहे.

हा टाकीत मेलेला शिपाई दीपाचा बाप होता. त्याचं नाव कचरू पगारे.

दीपा कर्जतच्या कॉलेजात मराठी शिकवायची. नोकरीचं दुसरं वर्ष संपत आलं होतं आणि जूनमध्ये कायम केल्याची ऑर्डर निघायची होती. ती ऑर्डर काढणाऱ्या संस्थेचे चिटणीस म्हणजे हेच हारदे. दीपा कुणाची मुलगी, याचा त्यांना पत्ता नव्हता. कचरू मेला तेव्हा ती तिसरीत होती, आई तिला घेऊन जामखेडला माहेरी गेली, तिथंच ती वाढली, शिकली आणि लग्न होऊन साळवे झाली. मुलाखतीला हारदे समोर बसले होते, तेव्हा त्यांनी तिला नाटक आणि नाट्य यांतला फरक विचारला होता. तिनं तो नीट सांगितला होता, आणि बाहेर येऊन कॉलेजच्या नळावर बराच वेळ तोंड धुतलं होतं.

असल्या माणसाच्या हाताखाली ती गेलीच कशाला, असं कुणीही विचारील. नोकऱ्या काय झाडाला लागल्या होत्या? तिनं अर्ज ढीगभर केले, बोलावणं एकाच संस्थेचं आलं. नवरा सम्राट, त्याची नोकरी एका दुकानात हिशेब लिहिण्याची. आई थकलेली. दीपानं नाक दाबलं आणि रुजू झाली. पुढं ही कादंबरीच शिकवावी लागेल, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

पुस्तक हातात पडलं तेव्हा तिनं आधी लेखकाचं मनोगत वाचलं. हारदे यांनी लिहिलं होतं की, मूळ व्यक्तीचं नाव साहित्यकृतीला शोभेल असं नव्हतं, म्हणून त्या सामान्य जीवाला आपण पुराणातलं एक तेजस्वी नाव बहाल केलं. बहाल केलं म्हणे, जशी काही जहागीरच. कचरू हे नाव त्याच्या आईनं ठेवलं होतं. आधीची दोन लेकरं दगावली, म्हणून तिसरं जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललं, की मरणानं त्याला केर समजून सोडून द्यावं. नाव घाणेरडं ठेवायचं ते लेकरू जगावं म्हणून. हारदे यांनी नाव देवाचं ठेवलं ते तो मेल्यावर, आणि त्यांना शोभावं म्हणून.

मनोगत वाचून दीपाला आली ती किळस. राग नंतर आला. भाकरीत केस निघावा, तो घशाशी जाऊन बसावा आणि चारचौघांत ओकता येऊ नये, तसं तिला वर्षभर झालं. वर्गात ती कादंबरी शिकवायची, फळ्यावर मुद्दे लिहायची, पोरं उतरवून घ्यायची. घरी आली की जेवण जायचं नाही.

एका सुट्टीत ती जामखेडला गेली आणि ते टाकीत उतरायचं पान तिनं आईला वाचून दाखवलं. गीताबाई दारात बसून लसूण सोलत होती. कादंबरीतला नीलकंठ प्राचार्यांच्या पायांवर डोकं ठेवतो आणि ‘मी असताना तुम्हाला काळजी कसली’ म्हणतो, इथपर्यंत तिनं हात न थांबवता ऐकलं. मग विचारलं, ह्यो नीलकंठ कोन? दीपानं सांगितलं की दादा. बापाला ती दादा म्हणायची. कादंबरीत दादांचं नाव तसं ठेवलंय, नीलकंठ म्हणजे महादेव.

“मंजी महेसच ना?” गीताबाई म्हणाली. “अगं, दरसाली विहारात हात वर करून म्हनायचा त्यो, ब्रह्मा-विष्णू-महेसाला मी देव माननार न्हाई. समद्यात मोटा आवाज त्याचा असायचा. आन् ह्यानं त्यालाच महेस केला?”

तिनं हातातला लसूण खाली ठेवला आणि उठून अंगणाच्या कडेला जाऊन थुंकली. परत येऊन तिनं पुन्हा लसूण सोलायला घेतला. दीपाला वर्गात, लेखांत, गाईडात, कुठंही हा मुद्दा भेटला नव्हता. नावाचा अर्थ सगळ्यांनी काढला होता. ज्याला ते चिकटवलं, त्यानं त्या नावाला जन्मभर हात वर करून नकार दिला होता, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

मग गीताबाईनं ते सगळं पुन्हा एकदा सांगितलं. दीपानं ते लहानपणापासून तुकड्या-तुकड्यानं ऐकलं होतं, पण ह्या वेळी आईनं सलग सांगितलं. कोल्हारच्या अलीकडं प्रवरेच्या काठाला संस्थेचं वसतिगृह होतं. कचरू तिथं शिपाई आणि गीताबाई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला. संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम होता, मांडव पडला होता, आचारी जिलब्या काढत होते. सकाळी टाकी भरून वाहायला लागली आणि घाण पाणी मांडवाच्या दिशेनं निघालं. सफाईवाले सांगूनही आले नाहीत. हारदे तेव्हा प्राचार्य. ते धोतराचा सोगा धरून स्वयंपाकघराच्या मागं आले आणि कचरूला म्हणाले की उतर, तुमच्यातलंच काम आहे.

कचरू म्हणाला होता, आमी ही कामं छप्पन सालीच सोडली, सर. माज्या बापानं सोडली. मी शिपाई हाय.

त्यावर हारदे म्हणाले की मग शिपायाचंही सोड, उद्यापासून येऊ नको, आणि बायकोलाही आणू नको. एवढं बोलून ते तिथंच उभे राहिले. गीताबाई चुलीपुढून सगळं बघत होती. कचरूनं तिच्याकडं पाहिलं. दोघांच्या नोकरीवर घर चाललेलं, पोर शाळेत. त्यानं शिपायाचा खाकी सदरा काढला, घडी केली, भिंतीवर ठेवला आणि शिडी लावून खाली गेला. तो परत वर आला तो दोराला बांधलेला.

कार्यक्रम झाला. टाकीवर फळ्या टाकून वर सतरंजी अंथरली. पाहुण्यांची भाषणं झाली, जिलब्या वाढल्या, आणि स्वयंपाकघरामागच्या पडवीत गीताबाई नवऱ्याचं अंग धूत बसली. हौदातलं पाणी संपलं तरी घाण निघेना. केसांतली निघाली तर कानातली राहायची. घशातली तर कशी काढणार? नीलकंठाचा कंठ निळा असतो म्हणतात. कचरूच्या घशात काय होतं ते तिनं बोटं घालून काढलं होतं, आणि ते निळं नव्हतं. पोलिसांच्या कागदावर पाय घसरून पडला असं आलं. कादंबरीत स्वखुशीनं उतरला असं आलं. दोन्हींत त्याला उतरवणारा कुणीच नव्हता.

“तुज्या नोकरीचं काय त्ये तू बग,” गीताबाई शेवटी म्हणाली. “पर त्यो आपल्या पायानं गेला न्हाई, येवडं ध्यानात ठिव.”

ध्यानात ठेवायला दीपाला कुणी सांगायची गरज नव्हती. प्रश्न होता तो बोलण्याचा. बोललं तर नोकरी गेली, आणि गप्प बसलं तर बाप दर वर्षी नव्या पोरांच्या वहीत स्वखुशीनं मरत राहणार. नोकरी गेली तर पुन्हा अर्ज, पुन्हा वशिले, आणि आईच्या औषधांना पैसा कुठून आणायचा? तिनं ठरवलं की जूनपर्यंत तोंड उघडायचं नाही. एकदा कायम झालो की मग बघू.

मे महिन्यात परीक्षा संपल्या आणि उत्तरपत्रिका तपासण्यासाठी जिल्ह्यातले सगळे मराठीचे मास्तर-मास्तरणी नगरला एका कॉलेजच्या हॉलमध्ये जमा झाले. जमा कसले, कोंबले गेले. वर पंखे गरम वारा ढवळत होते, बाकांवर गठ्ठे, गठ्ठ्यांवर लाल पेनं, आणि मधून मधून येणारा पाणचट चहा. नियम असा की पहिल्या दिवशी मुख्य परीक्षकानं प्रत्येक प्रश्नाचं नमुना उत्तर फळ्यावर मुद्द्यांनी लिहायचं, प्रत्येक मुद्द्यापुढं गुण टाकायचे, आणि सगळ्यांनी ते उतरवून घेऊन त्याच मापानं मोजायचं. मुद्दा दिसला की गुण. मुद्दा नसला की नाही. नवीन मुद्दा वाढवायचा असला तर तो आधी फळ्यावर यावा लागे. विचार करायची कुणाला मुभा नव्हती आणि, खरं सांगायचं तर, कुणाला हौसही नव्हती.

मुख्य परीक्षक होते रंगनाथ कुलथे, राहुरीकडचे, गोड बोलणारे आणि खुर्चीत कोण बसलंय ते पाहून मान हलवणारे गृहस्थ. त्यांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: टीप, ‘नीलकंठ’ या नावाचा प्रतीकार्थ. खाली मुद्दे. विष म्हणजे समाजातली घाण. नीलकंठानं ते स्वखुशीनं प्राशन केलं. त्यागातून दलित माणसाला देवत्व. नायकाच्या मौनातून त्याची थोरवी. ‘स्वखुशीनं’ या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली आणि सांगितलं की हा शब्द यायलाच पाहिजे, त्यावर दोन गुण आहेत.

दीपाच्या शेजारी शेवगावच्या मुमताज मॅडम बसल्या होत्या. दोघींची ओळख आधीच्या वर्षीची. दीपाचा बाप कोण, हे त्या हॉलमध्ये फक्त मुमताजला ठाऊक होतं. फळा वाचून झाल्यावर तिनं दीपाच्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली की हा प्रश्न आला की ते पान मी तपासते, तू पुढचं बघ. दीपा नको म्हणाली. पापडाची लाटी असती तर वाटून घेतली असती.

ती तपासायला बसली. पहिल्या पोरानं लिहिलं होतं की नीलकंठानं समाजातली घाण स्वखुशीनं प्राशन केली. दुसऱ्यानंही तेच. तिसरीनंही तेच, फक्त ‘प्राशन’मधला श पोटफोड्या काढला होता. सगळ्यांचं गाईड एक, म्हणून वाक्यं एक, वाक्यातल्या चुकाही एक. तिच्या बापाची घाण पिण्याची क्रिया पन्नास पोरांनी पन्नास अक्षरांत लिहिली होती आणि प्रत्येक ठिकाणी तिला बरोबरची खूण करायची होती. प्राशन म्हणे. ताक प्यायला गेला होता का तो?

तिनं एका पेपरात ‘स्वखुशीनं’ खाली आडवी लाल रेघ मारली आणि शून्य दिलं. मग दुसऱ्यातही शून्य, तिसऱ्यातही शून्य. हाताला जरा बरं वाटलं. पुढच्या एका पेपराच्या शेवटच्या पानावर एका पोरीनं लिहिलं होतं की, मॅडम किंवा सर, मी खुरपायला जाऊन शिकते, ह्या वर्षी नापास झाले तर शिक्षण बंद करून लग्न लावून देणार आहेत, कृपा करा. असं पोरं लिहितातच, आणि मास्तर ते एकमेकांना वाचून दाखवून हसतातही. दीपाला हसू आलं नाही. हिनं काय वाईट केलं होतं? हिला हे वाक्य कुणी शिकवलं? दीपासारख्याच कुणीतरी, फळ्यावर लिहून. तिनं उलटं जाऊन सगळी शून्यं खोडली, गुण दिले, खोडल्या जागी नियमाप्रमाणे सह्या केल्या. कचरू पगारे स्वखुशीनं उतरला, दोन गुण, सही दीपा साळवे. असल्या सह्या करताना तिला स्वतःचीच शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी हारदे आले. येणार ही बातमी सकाळपासून होतीच. मुख्य परीक्षकांनी टेबलावर फुलदाणी आणवली होती. हारदे आता सत्तरीकडं झुकलेले, पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात उपरणं, अंगाला अत्तराचा वास. हातात पेढ्यांचा मोठा बॉक्स. सगळे उठून उभे राहिले. दीपाही उभी राहिली, कारण बसून राहायला कारण सांगावं लागलं असतं. पेढा तिच्या पुढ्यात आला तेव्हा तिनं तो कागदावर ठेवला. पेढा उन्हानं पाझरून कागदाला चिकटला.

कुलथे म्हणाले की सर, नाव कसं सुचलं ते एकदा आमच्या लोकांना सांगा, परीक्षकांना मार्गदर्शन होईल. हारदे यांनी नको नको म्हणत उपरणं सारखं केलं आणि उभे राहिले. कचरूचा मृत्यू आपल्याला वर्षानुवर्षं छळत होता, पण कादंबरी पुढं सरकेना, असं त्यांनी सांगितलं. मग एके दिवशी आंघोळीला बसलो असताना पहिला तांब्या अंगावर घेतला आणि नाव सुचलं. नीलकंठ. नाव सुचलं तसं सगळं कसं स्वच्छ झालं. हॉलमध्ये ‘वा’ असा आवाज उठला. दीपाच्या डोळ्यांपुढं तो तांब्या आला, पाणी आलं, साबण आला. इकडं तिची आई हौद रिकामा करत होती आणि हा माणूस तांब्याभर पाण्यात स्वच्छ झाला होता.

हारदे पुढं बोलत होते. कचरू आपल्या पायांवर डोकं ठेवून ‘मी आहे ना, सर’ म्हणाला, हे सांगताना ते रडायला लागले. ते रडणं खोटं नव्हतं, हीच त्यातली सगळ्यांत घाणेरडी गोष्ट होती. इतक्या वेळा लिहून, बोलून, भाषणांत सांगून त्यांना ते खरंच आठवायला लागलं होतं. माणूस खोटं बोलत असला तर त्याला पकडता येतं. हा माणूस खोटं जगत होता, तेही जिलबीसारखं पाकात मुरवून.

डोळे पुसून ते म्हणाले, “आजवर एकाही समीक्षकाला न कळलेली गोष्ट तुम्हाला सांगतो. या कादंबरीत नीलकंठ दोन आहेत. एक खाली उतरला आणि सुटला. दुसरा वर राहिला आणि ते सगळं विष आजपर्यंत एकटा गिळून बसलाय. तो दुसरा नीलकंठ मी आहे.”

टाळ्या वाजल्या. काही जणांनी रुमाल काढले. कुलथे सर तर इतके भारावले की खडू घेऊन थेट फळ्याकडं गेले आणि नमुना उत्तराखाली त्यांनी पाचवा मुद्दा लिहिला: लेखक हाच दुसरा नीलकंठ. पुढं लिहिलं, अर्धा गुण. मग वळून म्हणाले की उरलेल्या गठ्ठ्यांत कुणी हुशार विद्यार्थ्यानं हे लिहिलं असेल तर त्याला न्याय मिळाला पाहिजे. सगळ्यांनी माना खाली घालून मुद्दा उतरवून घेतला. पेनांची कुरकुर सगळ्या हॉलभर झाली.

दीपानं मात्र पेन बाकावर ठेवलं. हारदे यांनी तिच्या बापाला टाकीत घातलं होतं, त्याच्या नकाराचा होकार केला होता, त्याच्या नावाच्या जागी त्यानंच नाकारलेल्या देवाचं नाव लावलं होतं. एवढं करून पोट भरलं नव्हतं. आता मरणसुद्धा त्याच्याकडून काढून घेऊन हा स्वतःच्या अंगाला लावून घेत होता, आणि अर्ध्या गुणाला ते विकलं जात होतं. पुढच्या वर्षी हे गाईडमध्ये येणार. मग ती वर्गात उभी राहून फळ्यावर पाचवा मुद्दा लिहिणार. कायम नोकरी म्हणजे हेच, निवृत्तीपर्यंत दर वर्षी, सहीनिशी.

ती उठली. मुमताजनं तिचा पदर ओढला आणि फक्त एवढंच म्हणाली की जून जवळ आलाय. दीपाला ते ऐकू आलं, पटलंही. तरी पाय थांबले नाहीत.

ती बाकांच्या रांगेतून व्यासपीठावर चढून फळ्यापाशी गेली. कुलथे यांना वाटलं की तिला सत्काराचं काही बोलायचंय, म्हणून ते हसून बाजूला झाले. डस्टर कुठं दिसेना. तिनं तळहातानंच पुसायला सुरुवात केली. आधी पाचवा मुद्दा पुसला, मग ‘स्वखुशीनं’ पुसलं, मग वरचं नाव, मग उरलेलं सगळं. पांढरी भुकटी तिच्या हाताला, पदराला लागली. मग खडू घेऊन तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं: त्याचं नाव कचरू पगारे होतं. तो बौद्ध होता. तो नाही म्हणाला होता. त्याला प्राचार्यांनी उतरवलं.

पुढच्या रांगेत बसलेल्यांनी ते वाचलं आणि लिहिणारे हात थांबले. हारदे खुर्चीतून अर्धे उठले. त्यांनी चष्मा सारखा करून फळा वाचला, मग तिच्याकडं पाहिलं, आणि ही बाई कोण, असं कुलथे यांना विचारलं.

“मी त्याची मुलगी,” दीपा म्हणाली. “माझी आई तिथं चुलीपुढं बसली होती, सर. तिला तुमचे शब्द पाठ आहेत. तुम्ही म्हणालात, तुमच्यातलंच काम आहे. तुमच्या पायांवर कुणी डोकं ठेवलं नव्हतं.”

हारदे यांचा चेहरा पांढरा पडला. पण क्षणभरच. मग त्या चेहऱ्यावर काय पसरावं? आनंद. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले, दोन्ही हात पुढं झाले, आणि ते हॉलकडं वळून म्हणाले की पाहा, पाहा, नीलकंठाची लेक, आणि बापासारखंच सगळं पचवून उभी आहे. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला. त्या हाताचा अत्तराचा वास तिच्या नाकात शिरला.

दीपा मागं सरली. तिची पाठ फळ्याला लागली. “मी काहीही पचवलेलं नाही,” ती म्हणाली. “आणि मला हात लावू नका.”

हात हवेतच राहिला. पुढच्या रांगेतले लोक खाली पाहत होते. मुमताज उभी राहिली होती, एकटीच. दीपाला वाटलं की आता निदान एक माणूस बोलेल. रागावून का होईना, तिला बाहेर काढायला का होईना, पण जे फळ्यावर लिहिलंय त्यावर कुणीतरी बोलेल.

शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी, उन्हानं पेंगुळलेले काही परीक्षक बसले होते. पुढं काय बोलणं झालं ते त्यांच्यापर्यंत नीट पोचलं नव्हतं. एक मुद्दा वाढला होता, तो त्यांनी उतरवला होता. आता मान वर करून पाहतात तो फळा बदललेला. त्यांनी आधीचं खोडलं आणि नवीन लिहून घ्यायला सुरुवात केली. त्यांतले एक चष्मेवाले गृहस्थ, कुणाचं वाईट न चिंतणारे, वर्षानुवर्षं पेपर तपासत आलेले, लिहिता लिहिता थांबले. त्यांनी शाळेतल्या पोरासारखं बोट वर केलं.

“मॅडम, हे चार मुद्दे उतरवून घेतले,” ते म्हणाले. “याला गुण किती द्यायचे?”

दीपानं हातातला खडू फळ्याच्या कडेवर ठेवला.

“याला गुण नाहीत,” तिनं सांगितलं, आणि ती खाली उतरून दाराकडं चालायला लागली. मागं पुन्हा पेनांची कुरकुर सुरू झाली. तिनं सांगितलेलंही ते लिहून घेत होते.